सोसायटीत बिबट्या आला. कॉलर कुणाला घालायची?

प्रश्न असा आहे: "आमची सोसायटी मुलुंड पश्चिमेला, संजय गांधी नॅशनल पार्कच्या हद्दीला जवळजवळ चिकटून. मागच्या आठवड्यात पहाटे तीनच्या सुमारास सीसीटीव्हीत बिबट्या दिसला. पार्किंगमध्ये आला, दोन मिनिटं थांबला आणि मागच्या भिंतीवरून निघून गेला. तेव्हापासून ग्रुपवर गदारोळ आहे. काहींचं म्हणणं, बातम्यांत येतं की बिबटे वाढलेत, तर वनखात्याने पिंजरा लावून याला उचलून न्यावं. काही म्हणतात, एवढं तंत्रज्ञान आहे तर सगळ्याच बिबट्यांना जीपीएस कॉलर घाला, म्हणजे मोबाइलवर कळेल कुठे आहे ते. एका कंपनीने एआय कॅमेऱ्याचं कोटेशनही दिलंय. कमिटीने काय करावं?"

आधी एक अंदाज सांगतो, पटतो का बघा. तो तुमच्याकडे पहिल्यांदा आला नसावा, पहिल्यांदा दिसला असावा. पार्किंगमधले कॅमेरे कधी बसवले ते मिनिट्समध्ये शोधा. त्याआधी रात्री तीन वाजता तिथे कोण बघत होतं? वॉचमन? त्यांना एकांतात, कमिटीचं कुणी नसताना विचारा. मी विचारलंय बऱ्याच सोसायट्यांत. "दिसतो कधी कधी, साहेब" असं उत्तर येतं. नोकरी जाईल म्हणून बोलत नाहीत, एवढंच.

गेली पंधरा-सोळा वर्षं मी नॅशनल पार्क, आरे आणि येऊर या पट्ट्यात कॅमेरा ट्रॅप लावायच्या आणि काढायच्या कामात आहे. तुमच्या तिन्ही मागण्यांमागे एकच समज दिसतो: यंत्र आलं की जनावर ताब्यात आलं. यंत्र काय सांगतं आणि कुठे गप्प बसतं ते कळलं की कमिटीचा अर्धा वाद मिटेल.

"बिबटे वाढलेत" हे घ्या. कॅमेरा ट्रॅप म्हणजे झाडाच्या बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेला हिरवट डबा. समोरून ऊब असलेलं काही हललं की फोटो निघतो. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन डबे लावतात. बिबट्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपके आणि उजव्या कुशीवरचे ठिपके वेगळे असतात. एकच कॅमेरा लावला तर एका बिबट्याचे कागदावर दोन होऊ शकतात. प्रत्येकाची नक्षी आपापली, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. ती जुळवायला सॉफ्टवेअर असतं, पण शेवटी दोन माणसं स्क्रीनसमोर बसून "हा शेपटीच्या मुळाशी बघ, तिथे दोन ठिपके जुळलेत" असं करतातच.

बाकी काम हमालीचं. एप्रिल-मेच्या उन्हात वारा सुटला की तापलेलं गवत हलतं, कॅमेऱ्याला वाटतं जनावर आलं, आणि तुम्ही आठवड्याने कार्ड काढता तर तीन हजार फोटो गवताचे. मुंग्या डब्यात घर करतात. माकडं पट्टा ओढून कॅमेरा आभाळाकडे करून ठेवतात. एकदा आमचा एक डबा साखळी-कुलपासकट गेला. चोराचा शेवटचा, अगदी जवळून काढलेला फोटोही त्याच डब्यात गेला. आणि लाकडं आणायला जाणाऱ्या बायकांचे, आडोशाला बसलेल्या पोरापोरींचे फोटो येतात, ते आम्ही काढून टाकतो. ते आमचं काम नाही.

देशपातळीवर हेच केवढं मोठं होतं बघा. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि साधारण ३ कोटी ४८ लाख फोटो निघाले. त्यात वाघाचे ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. बाकी सगळं हरणं, गुरं, माणसं आणि गवत. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. ३ कोटींतून सव्वा लाख निवडणं हाताने होण्यासारखं नाही, म्हणून प्राणी ओळखून फोटो वेगळे करणारं सॉफ्टवेअर वापरलं गेलं. एआयचा वन्यजीवांच्या कामातला खरा उपयोग मला इथे दिसतो. कंटाळवाणी निवडानिवड तो करतो. तुमच्या कोटेशनकडे मी नंतर येतो.

आता फोटोंवरून आकडा कसा काढतात? बोरिवलीच्या फलाटावर रोज सकाळी एकाच लोकलला किती माणसं येतात हे तुम्हाला काढायचंय, पण सगळी एकदम दिसत नाहीत. पहिल्या दिवशी तुम्ही ५० चेहरे टिपून ठेवलेत. दुसऱ्या दिवशी ४० पाहिलेत, त्यांतले १० कालचे निघाले. म्हणजे आज दिसलेल्यांत कालचे चौथा हिस्सा; तर कालचे ५० हे एकूण लोकांचा चौथा हिस्सा, म्हणजे एकूण अंदाजे २००. बिबट्याचं गणित याच जातीचं आहे, फक्त कोण कुठल्या कॅमेऱ्यासमोर आला तेही त्यात धरतात. म्हणजे बातमीत येतो तो अंदाज असतो, हजेरीपट नव्हे. कॅमेरे जास्त लावले, क्षेत्र वाढवलं, चांगल्या जागा निवडल्या, तरी आकडा हलतो.

नॅशनल पार्क साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. इथल्या बिबट्यांचा पहिला नीट अभ्यास २०१५ साली संशोधक निकित सुर्वे यांनी केला, तेव्हा आकडा आला ३५. मग २०१७ ला ४१, २०१८ ला ४७. मथळा होतो "मुंबईत बिबटे वाढले". वाढले असतीलही, पण त्या तीन आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून तुमच्या पार्किंगबद्दल काहीही कळत नाही. एवढ्या लहान जागेत एवढे बिबटे का मावतात, हा प्रश्न कमिटीने विचारायला हवा. त्याच २०१५ च्या अभ्यासात विष्ठा तपासली गेली. चितळ, सांबर होतेच; पण एकट्या कुत्र्याचा वाटा आहारात साधारण पाव हिस्सा निघाला. ही कुत्री जंगलातली नाहीत, आपल्या कचऱ्यावर वाढलेली.

देशाचा आकडाही असाच जपून वाचावा लागतो. २०२२ च्या मोजणीत देशात १३,८७४ बिबट्यांचा अंदाज आला, आधीच्या २०१८ च्या फेरीत तो १२,८५२ होता. महाराष्ट्रात १,९८५. पण ही मोजणी मुख्यतः वाघांच्या राज्यांतल्या जंगलांची. जुन्नर-संगमनेरच्या उसात जन्मलेला, जंगल कधी न पाहिलेला बिबट्या या आकड्यात जवळजवळ नाहीच.

आणि उसाचा विषय निघालाच आहे तर "उचलून न्या" वाल्यांसाठी जुन्नरची गोष्ट सविस्तर सांगतो. माझ्या मते या सबंध उत्तरात लक्षात ठेवण्यासारखी हीच आहे.

२००१ पासून जुन्नर भागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दूरच्या जंगलांत नेऊन सोडायला सुरुवात झाली. हेतू चांगला होता: माणसापासून लांब, जनावराला जंगल, सगळे खूश. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. पकडापकडी सुरू होण्यापूर्वी, १९९३ ते २००१ या काळात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार. सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ या काळात, सतरा. जिथून उचलले तिथे कमी व्हायला हवे होते ना? आणि जिथे नेऊन सोडले तिथेही, पूर्वी जिथे असे हल्ले माहीत नव्हते तिथे, ते सुरू झाले.

कारण समजायला शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही, मुंबईकर असणं पुरे. इथे रिकामी खोली किती दिवस रिकामी राहते? एक मोठा नर गेला की त्याच्या हद्दीत दोन-तीन तरणे घुसतात. जागा ओळखीची नाही, कुठे कोण माणूस कधी येतो माहीत नाही, आपसांत मारामाऱ्या चालू. आणि ज्याला नेऊन सोडलं, त्याची अवस्था आणखी वाईट: पिंजऱ्यात धडका मारून सुळे मोडलेले, लोकांच्या गराड्यात दोन दिवस घाबरून घालवलेले, आणि आता अनोळखी मुलखात. तो घरी निघतो.

किती लांबून निघतो त्याचा पुरावा "आजोबा". हा म्हातारा नर २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडला. बाहेर काढला, कॉलर घातली, माळशेज घाटात सोडला. पुढे महिनाभराच्या आत हा गडी सुमारे १२० किलोमीटर चालून आपल्या नॅशनल पार्कात पोचला. कसाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ, आग्रा महामार्ग, आणि शेवटी वसईची खाडी पोहून. एवढ्या वाटेत त्याने कुणाला ओरखडाही काढला नाही. २०११ च्या डिसेंबरमध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीखाली गेला. कॉलर नसती तर हे कुणाला कळलंही नसतं.

२००२ ते २००४ मध्ये नॅशनल पार्कभोवती हल्ल्यांचा जो कहर झाला, विशेषतः २००४ च्या जूनमध्ये, तो जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. तेव्हाही पिंजरे लागत होते, बाहेरचे बिबटे आणून सोडले जात होते. पुढे २०११ च्या सुमारास वनखात्याने सुनील लिमये पार्कचे प्रमुख असताना दिशा बदलली: पकडायचं कमी, लोकांशी, पोलिसांशी, पत्रकारांशी बोलायचं जास्त. त्याचा गुण आला. तरी हल्ले पूर्ण थांबले असं म्हणणार नाही. २०२१ साली आरेत लागोपाठ झाले. अशा वेळी विशिष्ट जनावर पकडावंच लागतं, आणि ते नेमकं कोणतं हे ठिपक्यांवरून ओळखायला कॅमेरा ट्रॅपच कामी येतात. तुमच्याकडे तसं काही झालेलं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. माणसाच्या जिवाला धोका झालाय किंवा जनावर बरं न होण्याइतकं आजारी-जायबंदी आहे असं मुख्य वन्यजीव रक्षकाला पटलं तर, किंवा संशोधनासारख्या खास कामासाठीच, त्याला पकडायची परवानगी निघते. पार्किंगमध्ये दोन मिनिटं थांबणं हा त्यात बसणारा गुन्हा नाही.

आता कॉलर.

नॅशनल पार्कात २०२१ साली वनखातं आणि डब्ल्यूसीएस-इंडिया ही वन्यजीव संस्था यांनी मिळून पाच बिबट्यांना कॉलर घातल्या. पहिली सावित्री नावाची मादी, फेब्रुवारीत. मग महाराजा, जीवन, तुलसी, क्रांतीज्योती. महाराजा घोडबंदर रस्ता ओलांडून पलीकडच्या नागला जंगलात जा-ये करायचा. ज्या रस्त्यावर आपण तास-तास ट्रॅफिकमध्ये अडकतो तो रस्ता त्याचा नेहमीचा होता. कुठे भुयारी मार्ग हवा, कुठे पूल हवा, हे सांगायला अशी माहिती सोन्यासारखी.

पण ती मिळवायची कशी? जनावराला आधी पकडायचं. भुलीचं इंजेक्शन द्यायचं, शरीराचं तापमान आणि श्वास बघत डॉक्टरांनी शेजारी बसायचं. कॉलर जनावराच्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांच्या आत हवी. गळ्याला घट्ट नको, पंजा अडकेल इतकी सैल नको. बछड्याला घालता येत नाही, कारण गळा वाढतो. एका कॉलरमागचा खर्च लाखांत. आणि बॅटरी साधारण वर्षभराची, तीही दर काही तासांनी एकदा ठिकाण कळवलं तर. दर मिनिटाला कळवायला लावली तर महिनाभरही टिकणार नाही. म्हणजे तुमच्या मोबाइलवर ओला-उबरच्या गाडीसारखा सरकणारा ठिपका दिसणार नाही. "रात्री अकराला इथे होता" एवढं कळेल, पहाटे चारला.

कॉलरचा त्रासही होऊ शकतो. मध्य प्रदेशातल्या कुनोचे चित्ते आठवा. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ, फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा आणले. २०२३ च्या पावसाळ्यात काहींच्या गळ्याशी, कॉलरखाली ओलीने जखमा झाल्या, त्यात अळ्या पडल्या, काही दगावले. मग बाकीच्यांना पकडून कॉलर काढून तपासावं लागलं. ते जनावर परक्या हवेतलं, दाट केसांचं, आपला बिबट्या तसा नाही हे खरं. पण मुंबईचा पाऊसही कुनोच्या पावसापेक्षा कितीतरी जास्त. एका सोसायटीच्या मनःशांतीसाठी चाळीस-पन्नास जनावरं भुलवून त्यांच्या गळ्यात पट्टे अडकवावेत, याला कुणी शहाणा अधिकारी सही देणार नाही, आणि देऊही नये.

शिवाय समजा दिसलाच ठिपका. तुमच्या इमारतीपासून दोनशे मीटरवर. मग? मला खात्री आहे, निम्मी सोसायटी गच्चीवर मोबाइल घेऊन उभी राहील. आणि तो तर रोज रात्री दोनशे मीटरवर असणार आहे. अकोल्यात, म्हणजे नगरच्या अकोल्यात, विदर्भातल्या नव्हे, शेतीच्या मुलखात बिबट्यांना कॉलर लावून पाहिलं. रात्री ते घरांच्या अगदी जवळ असायचे, दिवसा माणसापासून लांब. त्याच भागात कॅमेऱ्यांनी मोजलं तर १०० चौरस किलोमीटरला पाचेक बिबटे निघाले. जंगल जवळजवळ नाही, आणि माणसं चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर. लोकांना एवढे आहेत याचा पत्ता नव्हता.

तुमचं एआयचं कोटेशन. ताडोब्याजवळ सीतारामपेठ गावात कॅमेऱ्यांची अशी "आभासी भिंत" उभारली गेली; वाघ गावाच्या दिशेने आला की इशारा जातो. तिथे मला ते पटतं. गाव जंगलात शिरलेलं, माणसं अंधारात बाहेर पडणारी, आणि इशारा मिळाल्यावर करण्यासारखं काहीतरी असतं. तुमच्याकडे गेट आहे, भिंत आहे, लिफ्ट आहे. रात्री तीन वाजता भोंगा वाजला तर तुम्ही काय करणार? शिवाय तो भोंगा कुत्र्यावर वाजेल, उदमांजरावर वाजेल, तिसऱ्या आठवड्यात "लांडगा आला रे आला" होईल आणि वॉचमन वायर काढून ठेवेल. सगळ्याच जागी निरुपयोगी आहे असं नाही, तुमच्या जागी आहे. कंपनीला एकच विचारा: आमच्याकडच्या कॅमेऱ्यांच्या रात्रीच्या फूटेजवर खोटे इशारे किती येतील ते महिनाभर फुकट दाखवता का?

हे पैसे खर्चच करायचे असतील तर आरेतल्या एखाद्या पाड्यात दोन दिवे आणि एक संडास बांधून द्या. चेष्टेने म्हणत नाही. इथले हल्ले कुणावर होतात बघा: बहुतेक लहान मुलं, संध्याकाळी-रात्री, अंधारात, उघड्यावर बसलेली किंवा एकटी चालणारी. खाली बसलेलं माणूस बिबट्याच्या नजरेला माणसासारखं दिसत नाही. टॉवरमधल्या माणसाला भीती जास्त आणि धोका कमी, पाड्यातल्याला उलटं. तरी पिंजऱ्याची मागणी नेहमी टॉवरमधूनच येते, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय. पाड्यांत वारली आजोबांना विचारलंत तर ते वाघोबाचं ठाणं दाखवतील, वाघबारशीला नैवेद्य ठेवतात ते सांगतील. त्यांच्या बोलीत बिबट्याही वाघच. ते त्याला घाबरतात, पण त्याचं तिथे असणं त्यांना नवल वाटत नाही.

तुमच्या हातातलं सांगतो. कचरा. ओला कचरा रात्रभर उघडा राहिला की कुत्री येतात, डुकरं येतात, आणि त्यांच्या मागे तो. झाकणाचे डबे, आणि गाडी येईपर्यंत कुलूपबंद जागा. कुत्र्यांना खायला घालणारे सभासद असतीलच. त्यांच्याशी भांडू नका, खाणं दिवसा आणि गेटच्या दर्शनी बाजूला घालायला सांगा, उरलेलं उचलायला सांगा, आणि नसबंदीसाठी पालिकेकडे पाठपुरावा त्यांच्याच गळ्यात घाला, ते मनापासून करतात. मागच्या भिंतीलगतची झुडपं कापा, दिवा लावा. झगझगीत फ्लडलाइट जंगलाच्या दिशेने नको, जमिनीवर पडेल असा. वॉचमनला काठी, बॅटरी आणि शक्य तर सोबती द्या. अंधार पडल्यावर लहान मुलं मागच्या बाजूला एकटी नकोत.

कुत्र्यांवरून एक उपकथा. २०१८ साली काही संशोधकांनी गणित मांडलं की नॅशनल पार्कचे बिबटे वर्षाला साधारण १५०० भटकी कुत्री खात असतील, आणि त्यामुळे हजारेक चावे टळत असतील. अंदाजावर रचलेला अंदाज आहे तो, मी त्यावर पैज लावणार नाही. पण ग्रुपवर टाकून बघा, वातावरण जरा बदलतं.

आणि कधी दिवसा इमारतीत अडकलाच, तर १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन, आणि गर्दी पूर्ण मागे. त्याला जायची एक वाट मोकळी ठेवली, दारं बंद करून शांत राहिलात, तर बहुतेक वेळा अंधार पडल्यावर तो आपला निघून जातो. माणसं जखमी होतात ती बघायला जमलेल्यांतली.

ग्रुपवर फिरणारे बाकीचे व्हिडिओ तपासल्याशिवाय पुढे ढकलू नका. गुजरातचा बिबट्या मुलुंडचा म्हणून फिरतो, रानमांजर "बिबट्याचं पिल्लू" होतं, आणि आता तर संगणकाने रचलेले फोटोही येतात. तुमच्या पार्किंगसारखंच पार्किंग, फक्त बिबट्या खोटा. तुमच्या फूटेजचं तसं नाही, ते मूळ आहे. म्हणून ते जपा. डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, काही दिवसांनी आपोआप जुनं पुसतं, त्याआधी त्या रात्रीचा पूर्ण तास, सगळ्या कॅमेऱ्यांचा, पेनड्राइव्हवर काढून घ्या आणि वनखात्याच्या स्थानिक रेंज ऑफिसात नेऊन द्या. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या क्लिपमध्ये ठिपके पुसट होतात, ओळख पटवायच्या कामाच्या राहत नाहीत. भिंतीवर चढताना त्याची कुशी दिव्याखाली आली असेल तर कोणता बिबट्या ते कळायची शक्यता आहे. कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर आहे तेही लिहून द्या. आणि सीसीटीव्हीचं घड्याळ किती मिनिटं पुढे-मागे आहे ते बघा. सोसायट्यांची घड्याळं हमखास चुकलेली असतात.